परक्या हातचा घास

आई गाव सोडून निघाली ती टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून, मांडीवर शाळूच्या पिठाचा डबा घेऊन. वय अठ्ठ्याऐंशी. चालली होती कोल्हापूरला, लेकाला भाकरी घालायला. लेक म्हणजे मी, वय अडुसष्ट, चैत्रात बायको गेलेला. धाकटा भाऊ तात्या टेम्पोला आडवा उभा राहिला. "आई, ह्या वयात कुठं चाललीस? दादा काय ल्हान हाय?" आई म्हणाली, "त्याला चहा बी येत न्हाय. सर बाजूला."

मी गाव सोडलं तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. शिरोळच्या स्टँडवर हीच आई मला घालवायला आली होती. रडली नाही. "मागं बघत बसू नकोस, एस्टी जाईल," एवढंच म्हणाली. चौथी शिकलेला माणूस मी, फाउंड्रीत लागलो. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, त्यातच उभं आयुष्य गेलं. गावाकडं ऊस आणि कृष्णेचं पाणी, इथं भट्टीची धग आणि पाळीचा भोंगा. रत्ना लग्न होऊन आली, दोन खोल्या बांधल्या, पोरगा शिकला आणि जर्मनीला गेला. हे मी त्याच्यासाठी लिहितोय, गावाकडच्या सगळ्यांसाठी लिहितोय, आणि आमच्यासारखी जी जी बाहेर पडली त्यांच्यासाठीही. परवाच्या दसऱ्याला जे झालं ते अजून अंगात नाचतंय. थांबवत नाही.

आई आली आणि भाकरीचा आवाज घरात परत सुरू झाला. चार महिने बरे गेले. मग भाद्रपद सरता सरता मोरीत तिचा पाय घसरला, खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यानंतर म्हातारीनं जेवणच सोडलं. दोन घोट चहा, बस्स. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजोबा, उद्या दुपारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. काहीही चालेल, पण खाऊ दे."

मला वाटलं, ती गावासाठी झुरते आहे. माझ्या भाकरीपायी तिला मुळासकट उपटून आणली, आता ती ह्या लोखंडी खाटेवरच जाणार. तिला गावाबाहेर न्यायलाच नको होतं, हे तात्याचं फोनवरचं बोलणंच खरं, असं वाटायला लागलं.

आमच्यात माणूस गेलं की वर्षभर घरात सणाची कढई चढत नाही. गोड खायचं तर पहिला घास परक्या घरच्या माणसानं भरवायचा, मग तो दुखवटा हलका होतो. हे काम बायकोच्या माहेरचे करतात. रत्नाच्या माहेरी आता कुणी उरलेलं नाही. नागपंचमीला शेजारच्या सुनीतावहिनी पोळी घेऊन आल्या, मी दार उघडलं नाही. गौरीला आल्या, मी झोपल्याचं सोंग घेतलं. खरं सांगायचं तर मला दुखवटा हलका करायचाच नव्हता.

दसऱ्याला वहिनींनी आईसाठी डबा दिला. पुरणपोळ्या, तूप, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कुरडया. तात्या शिरोळहून आपट्याची पानं घेऊन आला. वॉर्डात सिस्टरनी टेबलाला झेंडूची माळ लावली होती. शेजारच्या खाटेवर कागलची एक म्हातारी होती, पाय प्लास्टरमध्ये. तिची सून शबाना तिच्याजवळ असायची. चार दिवस आमचा चहाचा थर्मास एकच.

मी पोळीचा तुकडा आमटीत बुडवून आईच्या तोंडापाशी नेला. तिनं मान फिरवली.

"तू खा आधी."

"मी नंतर खातो."

"चैतापासनं तुझं नंतरच चाललंय. मी काय आंधळी हाय? शेजारीण दोनदा आली, दोनदा परत गेली. लेक उपाशी ठेवून आईनं पोळ्या खायाच्या व्हय?"

मी म्हणालो, "उपाशी कुठं? भाकरी खातोय की."

"चघळायला काय, बैल बी कडबा चघळतोय. रत्ना माझी बी सून हुती. तोंड गोड करू नका, असं सांगून गेलीया का ती?"

मी घास डब्यात ठेवला. म्हातारी गावासाठी झुरत नव्हती. ती माझ्यावर रुसून बसली होती!

तात्यानं घाईनं घास उचलला, माझ्या तोंडाकडं नेला. आईनं त्याच्या हातावर फटका मारला. खुबा मोडलेली बाई, पण फटका काय जोरात! "तुझा हात चालत न्हाय. तू बी दुखवट्यातलाच."

"मग आता परका हात कुठनं आणू?" तात्या म्हणाला.

आई शबानाकडं वळली. "ए पोरी, हात धू आणि हिकडं ये. ह्या म्हाताऱ्या घोड्याला घास भरव."

शबाना गडबडली. "आजी, मी? चालतंय व्हय तुमच्यात?"

"परकी पायजे. तू काय माझ्या भावकीतली हाईस?"

तिकडून तिची सासू ओरडली, "जा की गं! आणि तूप जरा जास्त लाव, कंजूषपणा करू नकोस."

शबानानं हात धुतले, पदर सावरला. "घ्या चाचा," म्हणाली आणि घास तोंडात घातला. तूप, गूळ, जायफळ. सहा महिन्यांनी. मी तोंडभर पुरण घेऊन, सगळ्या वॉर्डासमोर मोठ्यानं रडलो.

"रडायचं तर गिळून रड," आई म्हणाली. आणि तिनं तोंड उघडलं.

एक पोळी संपली. अर्धी आणखी! तात्या नाचायचाच बाकी होता. "आई जेवली! आई जेवली!" असा ओरडला की सिस्टर पळत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं. डॉक्टरीणबाई आल्या, रिकामी ताटली बघून हसल्या. "नळी रद्द," म्हणाल्या. तात्यानं त्यांच्या हातावर सोनं ठेवलं. शबानाच्या सासूनं कुरडया संपवल्या आणि वर विचारलं, "आमटी कुणी केलीया? मीठ कमी हाय."

जरा निवांत झाल्यावर तात्या हळूच म्हणाला, "आई, बरी झालीस की गावाकडं चल. आपलं घर ते."

मी डबा आवरायला लागलो. पन्नास वर्षं मीही घर म्हणजे शिरोळच म्हणत आलो होतो. कोल्हापूर म्हणजे नोकरी.

आई म्हणाली, "ह्याला आमटी येईपातूर मी कुठं जात न्हाय. तुला बायकू हाय, तू जा."

शुक्रवारी तिला सोडणार आहेत. मी तिची खाट स्वयंपाकघरात हलवली आहे. तिथून ती शिव्या घालेल आणि मी आमटी ढवळीन. कुणी घर विचारलं तर आता मी हाच पत्ता सांगणार आहे.