कूलरचं तोंड पॅनेलकडे

मे महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळ. स्थळ: अकोल्याच्या एमआयडीसीतली एक डाळ मिल. हजर: अमरावतीला इंजिनिअरिंग शिकवणारी मी, पातूरहून आलेली माझी संशोधक विद्यार्थिनी, पॅनेल बनवणाऱ्या अकोल्यातल्या कंपनीचा मालक, जो एकेकाळी माझाच विद्यार्थी होता आणि मागच्या बाकावर बसायचा, मिलचे शेठ, आणि मिलचे फिटर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात. मालकाच्या गाडीच्या डिकीत खोक्यात एक परदेशी बनावटीचं तयार यंत्र होतं, त्याचीही हजेरी लावायला हवी. आमचं यंत्र संध्याकाळपर्यंत टिकलं नाही, तर ते उतरवून त्याच्या जागी खोक्यातलं बसवायचं, असं ठरलं होतं.

आमचं यंत्र म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी ड्राइव्ह. भिंतीवरच्या पॅनेलमध्ये बसणारी एक पेटी. अशा पेट्या बाजारात पुष्कळ मिळतात, पण आमच्याकडच्या लाइनीवर त्यांचा निभाव लागत नाही. शेजारच्या कारखान्याची मोठी मोटर सुरू झाली की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, दिवे मंदावतात, आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवायला मोटर बंद करून टाकते. डाळ मिलमध्ये हे बंद पडणं फार जाचक. रोलरमध्ये तूर अडकते, एलिव्हेटर तुंबतो, सगळा माल हाताने उपसावा लागतो. माझ्या विद्यार्थिनीने यावर उपाय काढला होता. लाइन खचली की तिची ड्राइव्ह फिरत्या मोटरचाच जोर क्षणभर उसना घेते, त्यावर जागी राहते, आणि लाइन सावरली की मोटरला पुन्हा वेगावर आणते.

विद्यापीठाने तिला शेवटची मुदतवाढ दिली होती. कारखान्यातल्या चाचणीशिवाय प्रबंध पुरा होत नव्हता, आणि या मिलखेरीज कोणी आम्हाला दारात उभं करायला तयार नव्हतं. त्यामुळे तो शनिवार गेला असता, तर तिची इतक्या वर्षांची मेहनत गेली असती.

आधी एकदा गेलीच होती म्हणा. एप्रिलमध्ये हेच यंत्र इथे बसवलं. सुरुवातीला झकास चाललं. लाइन खचली तरी बंद पडलं नाही. मग भर दुपारी तापून बंद पडायला लागलं. पॅनेल कंपनीच्या मालकाने झाकण उघडलं आणि तिथूनच मला फोन केला.

"मॅडम, आत पिठलं झालंय."

"काय झालंय?"

"पिठलं. तुरीचं. येता का जेवाले?"

आम्ही दोघी गेलो. यंत्राची उष्णता बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पात्या असतात. त्यांच्यामध्ये पिवळट लगदा गच्च बसून वाळला होता. वारा जायला सुईएवढी जागा नाही. मिलमध्ये तुरीचा चुरा उडतो हे आम्हाला ठाऊक होतं, पण कोरडा चुरा असा थापला जात नाही. त्याला पाणी लागतं. पाणी कुठून आलं?

"आमी कूलर लावला ना तिच्यापुढं," चाचांनी आपण होऊन सांगितलं, तेही कौतुकाने. "एवढी गर्मी! आमी घामानं भिजून राहिलो. मशीन लोखंडाची हाये म्हणून काय तिले गर्मी होत नाई?"

वऱ्हाडात उन्हाळ्यात आलेल्या माणसाला आधी कूलरसमोर बसवतात, पाणी नंतर. चाचांनी यंत्राला पाहुण्याचा मान दिला होता. कूलरची ओली हवा आणि तुरीचा चुरा, दोन्ही आमच्या पेटीच्या पंख्याने प्रामाणिकपणे आत ओढलं होतं. मला हसू आवरेना. विद्यार्थिनी मात्र हसली नाही. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर येईपर्यंत ती वहीत पेटीचं चित्र काढत होती. मग म्हणाली, "मॅडम, कूलर लावू नका अशी पाटी लावून उपयोग नाई. लोक लावतीलच. पेटीच अशी पाहिजे की कूलर लावला तरी चालली पाहिजे."

आम्ही लगेच कामं ठरवली. पेटी पूर्ण बंद करायची, पंखा काढून टाकायचा, पात्या पाठीमागून बाहेर आणायच्या आणि एकमेकींपासून लांब ठेवायच्या. किती लांब? तिने नियम केला: खराट्याची काडी आरपार गेली पाहिजे, म्हणजे झाडणारी बाईसुद्धा दोन मिनिटांत साफ करील. प्रबंधात ती तसंच लिहून मोकळी झाली होती. काडीचे मिलिमीटर मी करायला लावले.

अकोल्याहून तुरीच्या चुऱ्याचं पोतं एसटीने अमरावतीला आलं. प्रयोगशाळेत प्लायवूडची खोली केली, तीत नवी पेटी टांगली, समोर कूलर लावला आणि चुरा उडवत राहिलो. सगळा विभाग तुरीच्या वासाने भरला. शेजारच्या विभागातले सर रोज दारात डोकावून विचारायचे, "काय मॅडम, फोडणी कधी देता?"

तर तो शनिवार. यंत्र सुरू करण्याआधी मालकाने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, राग मानू नका. तुमच्या शब्दावर मी हे माह्या घरी लावीन. गिऱ्हाइकाकडे नाई लावणार."

"लावूच नकोस," मी म्हटलं. "चाललं तरच लाव."

त्याने हेच म्हणावं अशी माझी इच्छा होती. जुन्या मास्तरणीची भीड म्हणून घेतलेलं यंत्र पहिल्या तक्रारीला परत आलं असतं.

रोलर सुरू झाला. ऊन चढलं, पत्र्याचं छत तापलं. शेठनी पाहुण्यांसाठी मोठा कूलर मागवला आणि आमच्याकडे तोंड करून लावला. जिवात जीव आला. तेवढ्यात विद्यार्थिनी उठली, कूलरला दोन्ही हातांनी धरलं आणि त्याचं तोंड सरळ पॅनेलकडे फिरवलं.

"अवो, काय करून राहिल्या?" शेठ ओरडले.

"राहू द्या शेठ. आज तिले पाहुणी समजा."

मालक माझ्याकडे पाहायला लागला. मी पदराने वारा घेत बसले. मलाही धडकी भरली होती, पण तिला थांबवायचं काही कारण मला सापडेना.

चुरा उडत होता, कूलर ओली हवा फेकत होता, आम्ही भाजत होतो. चाचा मधूनमधून पेटीवर हात ठेवून पाहायचे, ताप पाहावा तसे. जेवणानंतर ऐन उन्हात दिवे मंदावले. शेजारी मोठी मोटर सुरू झाली होती. रोलरचा आवाज खाली गेला. चाचांनी सवयीने फावडं उचललं. आणि आवाज पुन्हा वर चढला, कोणी वाटेत ठेच लागून सावरावं तसा. तूर पडतच होती.

शेठ चिडल्यासारखे म्हणाले, "आता हे बंद कावून नाई पडलं?"

"बंद पाडू का शेठ?" विद्यार्थिनीने विचारलं, आणि चाचा असे हसले की त्यांना खोकला आला.

त्या दुपारी दिवे आणखी कितीदा तरी मंदावले. फावडं भिंतीला टेकलेलंच राहिलं. संध्याकाळी मिल थांबवल्यावर मालकाने स्वतः पेटीच्या पाठीमागे डोकावून पात्या पाहिल्या. चुरा होता, पण नुसता भुरभुरलेला, बोटाने पडला. मग तो वळला आणि माझ्याशी नाही, तिच्याशी बोलला. "ताई, ड्रॉइंग केव्हा देता? डिकीतलं मी सोमवारी परत करतो."

तिने पातूरला घरी फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "आई, चाललं." पलीकडून आई आनंदाने एवढ्या मोठ्याने ओरडली की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

त्यानंतरची कामं पटापट झाली. विद्यापीठ आणि कंपनी यांच्या करारावर सह्या झाल्या. यंत्राची संशोधक म्हणून तिचं नाव आधी आणि माझं नंतर, हे मी स्वतः बसून लिहून घेतलं. प्रबंध मुदतीत दाखल झाला. चाचांनी ते यंत्र आजूबाजूच्या मिलवाल्यांना आपणच शोधल्यासारखं दाखवलं, आणि त्यातल्या दोघांनी मागणी नोंदवली.

आता मालकाला हंगामाच्या आधी हेच यंत्र जिनिंगला द्यायचं आहे. तिथे तुरीचा चुरा नसतो, कापसाची रुई उडते. ओली रुई पात्यांवर कशी बसते हे आम्ही पाहिलेलं नाही, आणि पाहिल्याशिवाय मी होकार देणार नाही. दर्यापूरच्या एका जिनिंगवाल्याला दोनदा फोन केला. तो म्हणतो, कापूस आल्यावर या. रुईची चाचणी अजून व्हायची आहे.