पुढे जा म्हणणारी चिठ्ठी

…तर हां, ते लाल पान. आमचे धाकटे जावई इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळतात, इथवर काल आलो होतो. माणूस असा, की दुसऱ्याचं दार वाजवण्याआधी स्वतःच्या चपला पुसेल. रुग्णांचे रिपोर्ट ठेवणारा सर्व्हर तळघरातल्या खोलीत. पण रिपोर्ट उघडायला गेलं की ब्राउझर लाल पान दाखवायचा : ही जागा सुरक्षित नाही.

मी विचारलं, "जावईबापू, घरच्याच सर्व्हरला तुमचा ब्राउझर चोर म्हणतो?" म्हणाले, सर्व्हरनं आपल्या खरेपणाचं सर्टिफिकेट स्वतःच स्वतःला दिलंय. मला चटकन पटलं. चांगल्या वर्तणुकीचा दाखला पोरानं स्वतःच लिहून आणला, तर आमचे मास्तर तरी कुठं मानायचे? कुणीतरी आधी मास्तरांच्या कानावर घालायला हवं, की ही सही खरी धरा. तसं ते सर्टिफिकेट एकेका कॉम्प्युटरच्या विश्वासाच्या यादीत घालायचं. पाच मिनिटांचं काम, पण त्याचा पासवर्ड मुख्य कचेरीत. जावयांनी तीन अर्ज केले. तिन्हींना उत्तर एकच : विचाराधीन.

इकडे वॉर्डात रुग्ण खोळंबलेले. शेवटी जावयांनी पडद्यापडद्याला चिठ्ठी चिकटवली : लाल पान आलं तर घाबरू नका, 'तरीही पुढे जा' दाबा. मोठ्या सिस्टर पहिला आठवडाभर दर वेळी फोन करून विचारायच्या, दाबू ना? मग विचारायच्या थांबल्या.

तीन वर्षांनी कुणा भामट्यानं रिपोर्टच्या पानासारखं हुबेहूब पान वॉर्ड आणि सर्व्हरच्या मध्ये उभं केलं. लाल पान त्यालाही आलं. सिस्टरांनी सवयीनं बटण दाबलं, आपला पासवर्ड दिला, आणि शेकडो रुग्णांची माहिती गेली. कचेरीचा पासवर्ड आला दुसऱ्या दिवशी. बैल गेला आणि झोपा केला.

इस्पितळाच्या साहेबांनी जावयांपुढे टाईप केलेला कागद सरकवला : मशीननं स्पष्ट इशारा देऊनही सिस्टरांनी तो डावलला. सही केली तर सिस्टर घरी, निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना. नाही केली तर जावई घरी. चिठ्ठ्या कुणीतरी आदल्या दिवशीच खरवडून टाकल्या होत्या. जावयांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाले,

"साहेब, मशीननं इशारा दिला हे खरं. पण तो मनावर घेऊ नका, हे सिस्टरांना मीच शिकवलं. तेवढं लिहा यात, मग करतो सही."