वर्षाराणी म्हशीपुढं पळाली

माझी बहीण वर्षाराणी सातव्या महिन्यात जन्मली. माझ्या दोन तळहातांत मावायची. म्हणून तिला आम्ही कधी पळू दिलंच न्हाय. शाळा असू दे न्हायतर कॉलेज, मीच गाडीवरनं सोडायचो आणि गल्लीभर ते मिरवत सांगायचो.

सत्ताविसाव्या वर्षी तिचं बीपी वाढलं. डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि मलाच झापलं. "लवकर जन्मलेल्यांच्या हृदयाला व्यायाम जास्तच लागतो. आधी चालू द्या, मग हळूहळू पळू द्या. दम लागावा, पण बोलता आलं पाहिजे."

आमची आत्ती म्हणाली, "सातमाशी पोर हाय, मरंल की!"

"मी चंद्रीसंगं पळणार," वर्षा म्हणाली. चंद्री म्हणजे आमची म्हैस.

वर्षभर दोघी रोज सकाळी रस्त्याला. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवत्यात. मालक गाडीवर पुढं, म्हैस मागं. यंदा वर्षानं माझ्या हातातनं किल्ली काढून घेतली. "दादा, गाडी नको. पायानं पळवणार."

सारी गल्ली हसली की! मी ओरडलो, "दात काय काढतायसा? माझी बहीण हाय ती!" आणि तिच्यासंगं मीबी सुटलो.

अर्ध्या वाटंत माझी छाती भात्यावानी हलायला लागली. मी थांबलो. वर्षा पुढं, चंद्री तिच्या मागं. पळता पळताच ती ओरडली, "दादा, बोलता येतंय का?"

न्हाय आलं. म्हणून आता लिहून सांगतोय. तिला सातमाशी म्हणायचं असंल, तर आधी तिच्यासंगं पळून दाखवा.