ईरा गावी येणार नाही

मामी, सात वर्षांची मी एसटीत चढले तेव्हा तू खिडकीखाली उभी राहून एवढंच म्हणालीस, "रडा नको गो, आवशीकडेच चललंस." शेजारी बसलेली बाई माझी आई आहे, हे मला ठाऊक होतं. दर गणपतीत ती यायची, नवा फ्रॉक आणायची आणि परत जायची. आईबाबा दोघंही कामाला, विक्रोळीच्या चाळीत पोर सांभाळायला कोणी नाही, म्हणून मला तान्ही असतानाच मामाकडे ठेवलेलं. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच चालायचं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

आता मुलुंडला माझं वन बीएचके आहे, लिफ्ट आहे, आणि तीन वर्षांची लेक ईरा आहे. तिचं पाळणाघर बंद पडलं, तेव्हा तिला वर्षभर तुझ्याकडे पाठवायचं ठरलं. तू तर तिच्यासाठी खाटही धुऊनपुसून ठेवलीस.

गेल्या आठवड्यात तिला लस द्यायला नेलं. आईही सोबत होती. डॉक्टरबाई हल्ली वजन-उंचीबरोबर घरातलंही विचारतात. भांडणं होतात का, कोणी मारतं का, मूल आईबापांपासून लांब राहिलंय का. नवरा तिथेच कुरकुरला, "लस द्यायला आलोय यार, चौकशीला नाही." आईला तर तो सरळ अपमानच वाटला. "पुढच्या महिन्यात गावी पाठवतोय," तिने ठणकावून सांगितलं. "हिलापण ठेवलेली ना मी. काय झालं हिला?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. विक्रोळीला आल्यावर कित्येक महिने मी माझे कपडे पिशवीतच ठेवायचे. आई ते कपाटात लावायची, मी पुन्हा भरायचे. तू मला न्यायला येशील असं वाटायचं.

"मला वाटायचं, तुला ते कपाट आवडत नाही," आई म्हणाली.

गुडघ्यांचं कारण सांगून आई आजवर आमच्याकडे रोज यायचं टाळत होती. आता रोज सकाळी ईराला सांभाळायला मुलुंडला येते.

घर म्हटलं की मला अजून तुझंच घर आठवतं. हे आईला कळलं, याचं वाईट वाटतं. तुझ्याकडे माझं काहीच बिघडलं नाही, मामी. बिघडलं ते तिथून निघताना. ईराला तू माझ्याइतकाच जीव लावशील, म्हणूनच तिला पाठवत नाही.