नाक्यावर उभी राहिलेली सिस्टर

सेवेतल्या तपासांबद्दल लोक विचारतात, तेव्हा मी ही घटना सांगायचं टाळतो. पण विसरलोय असं मात्र नाही.

तेव्हा मी घाटकोपर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. पहाटे डोंगरउतारावरची दरड वस्तीवर आली. खालचा नाका आम्ही बॅरिकेड लावून बंद केला. ओळखपत्राशिवाय कोणालाही सोडायचं नाही, असा माझा आदेश होता.

पलीकडे, पायी पाच मिनिटांवर, सार्वजनिक प्रसूतिगृह होतं. रात्रपाळीची एकच सिस्टर तिथे होती. सकाळची सिस्टर आली नाही. तळमजल्यात नाल्याचं पाणी शिरलं, तशी रात्रपाळीची सिस्टर एकटीच बाळांना आणि बाळंतिणींना वर हलवू लागली. त्या धावपळीत एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा ठाण्यात आला. त्याने आरडाओरडा केला नाही.

"साहेब, सकाळची सिस्टर कुठे होती, तेवढंच मला सांगा. दोघी असत्या तर ही वाचली असती."

आकस्मिक मृत्यूची नोंद झालीच होती. चौकशी मी स्वतःकडे घेतली. त्याच संध्याकाळी एका रहिवाशाचा फोन आला. "तुमची ती सिस्टर नाक्यावर छत्री घेऊन आरामात उभी होती. मी बाल्कनीतून बघितलंय."

मला वाटलं, प्रकरण सुटलं. महिला अंमलदाराला घेऊन मी प्रसूतिगृहात गेलो आणि सकाळच्या सिस्टरचा जबाब घ्यायला बसलो. चाळिशीची, बारीक चणीची बाई.

"नाक्यावर उभ्या होतात?"

"हो साहेब."

"किती वेळ?"

"दीड तास असेल."

"पाच मिनिटांवर एक बाई मरत होती आणि तुम्ही छत्री घेऊन उभ्या?" मी टेबलावर हात आपटला.

"चेंबूरहून चालत आले होते साहेब. पोलिसांनी सोडलं नाही. युनिफॉर्म, कार्ड, सगळं इथे कपाटात असतं."

"कोणी अडवलं?"

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रेनकोट होता. चेहरा नाही आठवत."

"सगळे पोलिसांवरच ढकलतात," असं म्हणून मी उठलो.

फोन करणाऱ्याने मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते आणायला मी हवालदाराला पाठवलं. तो परतला आणि केबिनचं दार लावून घेत म्हणाला, "साहेब, हे तुम्ही एकटेच बघा."

चित्रणात एका पुढाऱ्याची गाडी येते. एक अधिकारी स्वतः बॅरिकेड सरकवून ती आत सोडतो. मागून छत्रीवाली बाई पुढे होते. "साहेब, मी इथली सिस्टर आहे हो, मलाही सोडा ना." अधिकारी तिच्याकडे न बघता ओरडतो, "ए बाई, कारणं सांगू नकोस. मागे हो!"

आवाज माझा होता. तो प्रसंग मला आठवतही नव्हता. तिने मात्र जबाबाच्या वेळी मला ओळखलं होतं, याबद्दल मला शंका नाही.

अहवालात मी लिहिलं, 'रस्ता बंद असल्याने परिचारिका पोहोचू शकली नाही.' वाक्य खोटं नव्हतं. तिच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. गेलेल्या बाळंतिणीच्या नवऱ्यालाही मी तेच सांगितलं. त्याने हात जोडले आणि तो गेला.

पंधरा दिवसांनी सिस्टर ठाण्यात आली. "साहेब, ऑफिसने मला गैरहजर लावलंय. चौकशी बसलीय. पोलिसांनी अडवलं असं दोन ओळीत लिहून द्या ना."

"बघतो," मी म्हणालो.

मी बघितलं नाही. तिची बदली झाली, कुठे तेही मी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी मी हद्दीतल्या दवाखान्यांतल्या सिस्टर, आया, वॉर्डबॉय, सगळ्यांची यादी फोटोंसह करून घेतली आणि प्रत्येक नाक्यावर दिली. पाणी भरलं की दवाखान्यात माणसं आधीच कमी पडतात. न पोहोचलेल्यांतल्या निम्म्यांना तर आपणच रस्त्यात अडवतो. हे शिकायला मला एका बाईचा जीव जावा लागला.

ती कल्पना वरिष्ठांना आवडली. एका कार्यक्रमात मला प्रशस्तिपत्र दिलं. "हे कसं सुचलं?" असं माइकवर विचारलं गेलं.

"अनुभवातून," मी म्हणालो. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या घेतल्या.