केसांतला पीळ

माझ्या मूळ केसांशी माझी ओळख पस्तिशी उलटल्यावर झाली. त्याआधी ते नक्की कसे आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं.

लहानपणी पाचोडला आई रोज सकाळी मला दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून बसवायची. डोक्यावर तेल ओतायची आणि लाकडी फणीनं असं काही विंचरायची की डोळ्यांतून पाणी यायचं. रडले तर फणी आणखी जोरात चालायची. वर कानशिलं ताणली जातील अशा दोन घट्ट वेण्या. दिवसभरात एखादी बट सुटली, तर संध्याकाळी पुन्हा फणी. एरवी आई मऊ स्वभावाची, कुत्र्याला हाड म्हणतानाही तिचा आवाज चढत नसे. माझ्या केसांशीच तिचं काय वाकडं होतं कुणास ठाऊक. घरात सगळ्यांचे केस सरळ. माझे कुणावर गेले, असं विचारलं की ती म्हणायची, "गप बस. मान हलवू नको."

तिला माझे केस आवडत नाहीत, एवढाच अर्थ मी त्यातून काढला. म्हणून शहरात नोकरी लागल्यावर आधी काय केलं असेल, तर औरंगपुऱ्यातल्या एका पार्लरात जाऊन केस सरळ करून घेतले. त्या क्रीमला सडक्या अंड्यांचा वास होता आणि तापलेल्या पट्टीनं कानाची पाळी भाजली. पण गावी गेले तेव्हा आईनं सरळ केसांवरून हात फिरवला आणि चक्क माझी दृष्ट काढली. "आता माझ्या जिवाला घोर नाय," म्हणाली. केसांचा कसला आलाय घोर, असं मनात आलं, पण आई खूश होती, तेव्हा विचारलं नाही. पुढं लग्न झालं, पोरगा झाला, आणि मी वर्षानुवर्षं मुळं वर आली की जाऊन सरळ करत राहिले.

मग पार्लरवाल्या बाईंच्या मुलीचं लग्न निघालं. त्यांना आम्ही सगळ्या बाजी, म्हणजे ताई, म्हणायचो. त्यांनी मोठी सुटी घेतली. दुसरीकडे जायचा मला कंटाळा. तोवर केस बोटभर वाढले. ऑफिसात बसल्या बसल्या माझा हात डोक्यात जायचा. मुळाशी काहीतरी वळत होतं. ओढलं की सरळ व्हायचं, सोडलं की टुणकन परत जागेवर. मला गंमत वाटायला लागली. हे काय आहे आपल्या डोक्यावर, जे इतकी वर्षं केमिकल पिऊनही मेलं नाही? बघू तरी, म्हटलं.

ते दिवस मात्र वाईट. वरचे केस कुरळे, खालचे झाडूसारखे सरळ, धड ना इकडचं धड ना तिकडचं. बाजी परत आल्या आणि मला पाहून कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ये क्या कर लिए? आधे सीधे, आधे टेढ़े!" मी सरळ करायला नाही, खालचे सरळ केस थोडे कापून घ्यायला आले आहे म्हटल्यावर त्यांना ते खरंच वाटेना. तशी मी दर थोड्या दिवसांनी जाऊन शेंडे कापत राहिले.

घरी माझे प्रयोग सुरू होते. बोअरच्या जड पाण्यानं केस काथ्यासारखे होतात, हे कळल्यावर केस धुवायचा दिवस मी नाही, महानगरपालिका ठरवू लागली. काही दिवसांआड नळाला पाणी आलं की आधी पिण्याचं भरायचं, मग माझं डोकं. कुरळे केस कोरडे विंचरायचे नसतात, ओले असताना बोटांनी सोडवायचे, हे मोबाइलवर बघून शिकले. जवस उकळून त्याचा चिकट रस केसांना लावायचा, हेही तिथंच शिकले. वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट करून आलेल्या नवऱ्यानं एकदा ते पातेलं बघून जेवायला ताट घेतलं होतं. काय आहे ते सांगितल्यावर म्हणाला, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हाच." बोलतो तिरकं, पण जवस संपला की तोच आणून द्यायचा.

शेवटचे सरळ शेंडे कापले त्या दिवशी मी आरशासमोरून हलेना. डोक्यावर वाटोळ्या, दाट बटा. हे माझे होते, आणि कुणावर गेले होते ते मला अजून माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात आईला व्हिडिओ कॉल केला. चुलतभावाच्या लग्नाचं बोलायचं होतं. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"इंचरलं नाय का?"

"असेच आहेत गं माझे."

"काय लावायलीस डोक्याला?"

"जवस."

"चटणी करायची सोडून डोक्याला? हे बघ, लग्नाला यायचं तर केस सरळ करून ये. नायतर येऊ नको."

आईनं मला येऊ नको म्हणावं! मला राग आला, रडू आलं, आणि त्याहून जास्त कोडं पडलं. केसांसाठी कुणी लेकीला लग्नाला येऊ नको म्हणतं का? मी तशीच गेले.

आई माझ्याशी धड बोलली नाही. हळदीच्या दिवशी सकाळी मी न्हाऊन, केसांना जवस लावून उन्हात ओट्यावर बसले होते. ओल्या बटा एकमेकींना चिकटून दोरखंडासारख्या लोंबत होत्या, त्या तशाच वाळू द्यायच्या असतात. शेजारची म्हातारी नवरदेवासाठी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, ती माझ्या मागं थबकली. तिनं पायातली चप्पल काढली. माझ्या मानेवरची जाड बट उचलून तिला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले.

"देवीआई आली गं लेकीला! जट धरलीय. आता कातर लावू नका."

मला हसू फुटलं. जट म्हणजे देवीची खूण, असं आमच्याकडं जुनी माणसं मानतात, आणि इथं तर साधा जवस होता. पण तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी घरातून धावत आली.

"जट नाय ती! केस हायेत तिचे, केस! हात लावू नका माझ्या लेकीला!"

मांडवातले सगळे वळून बघू लागले. आईला इतक्या मोठ्यानं ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. तिनं मला दंडाला धरून आत नेलं, दार लावलं आणि कोनाड्यातली फणी घेतली.

"आई, काय झालंय? सांग तरी."

ती खाली बसली. मग बोलली. तिला एक थोरली बहीण होती. ती लहानपणी तापानं गेली, एवढंच मला आजवर सांगितलेलं.

"ताप नव्हता. तिचे केस तुझ्यावानीच व्हते. माय दिसभर रानात, इंचरणार कोण? गुंता झाला. कुणीतरी म्हणलं, देवी आली. मग कुणी फणीच लावू दिली नाय. देवाला सोडली तिला, जोगवा मागायला परडी दिली हातात. लगीन नाय, काय नाय. जट इतकी जड झाली की मरंस्तोवर मान दुखायची तिची. मला म्हणायची, लई खाजतंय गं, जरा बोटं घाल की. म्या भ्यायची. देवीला हात कसा लावू?"

मग माझ्या केसांकडं बघत म्हणाली, "तुझे केस पैल्यांदा वळले तवाच म्या फणी हातात घेतली."

माझे केस कुणावर गेले, ते मला कळलं. आणि इतकी वर्षं ती फणी माझ्यावर रागावलेली नव्हती, भ्यालेली होती. मी तांब्याभर पाणी आणलं, तिच्या हातातली फणी काढून बाजूला ठेवली आणि लहानपणीसारखी तिच्या गुडघ्यांमध्ये जाऊन बसले.

"बोटांनी सोडव. पाणी लावून, खालून वर."

ती हातच लावेना. मग कुंकू लावलेली तीच बट तिनं धरली. पाणी लावलं, बोटं घातली. जवस भिजला, बट सुटली. हळदीकुंकवाचं पाणी माझ्या मानेवरून पाठीवर ओघळलं. तिनं दुसरी बट घेतली, मग तिसरी. कुठं ओढलं नाही, कुठं दुखलं नाही.

एकाएकी तिचे हात थांबले.

"पाण्यानं अन् बोटानं सुटत व्हतं व्हय गं हे?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं, पण ती मला विचारत नव्हती.