काकीचा सॅल्यूट

अंगणात वाळत घातलेल्या सुपारीचा तुरट, आंबूस वास आला की मला काकीचा सॅल्यूट आठवतो. काका सीमेवर कामी आला, त्याला काही वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या दिवेआगरात एका युद्धपटाचं शूटिंग आलं. जवानाची शवपेटी वाडीतून घरी येते आणि त्याची बायको ताठ उभी राहून सॅल्यूट करते, असा प्रसंग होता. गर्दीसाठी गावातल्या बायका घेतल्या, त्यांत काकीही होती. कुणीतरी तिच्याबद्दल सांगितलं, तसं दिग्दर्शकाने मोठ्या आदराने विचारलं, "ताई, तेव्हा तुम्ही काय केलंत?" काकी म्हणाली, "आधी सुपारी भरून आत घेतली. आभाळ आलं होतं, भिजून काळी पडली असती. मग बसले रडत." त्याचं तोंडच उतरलं. "वीरपत्नी रडत नसते, ताई," असं तिलाच ऐकवून त्याने तिला मागच्या रांगेत धाडलं. सिनेमा आला. नटीच्या सॅल्यूटला सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या, काकाला आणलं त्या दिवशी काकीबरोबर सुपारीच्या गोणी ओढणाऱ्या बायकांनीसुद्धा. पुढच्या पंधरा ऑगस्टला शाळेच्या मंचावर काकीला बोलावलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. "सॅल्यूट कर ना गं, सगळे थांबलेत," मी कुजबुजले. "मला न्हाय येत गं." मीच कोपर धरून तिचा हात कपाळापर्यंत नेला. परवा माझ्या लेकीने तिला विचारलं, "आजोबांना घरी आणलं, तेव्हा तू काय केलंस?" अंगणातली सुपारी हाताने पसरत काकी म्हणाली, "सॅल्यूट केला."